धनानुप्पदान : दारिद्र्यनिवारणाच्या बौद्ध मागणीचा इतिहास

बुद्धधम्म हा केवळ चित्तशुद्धीचा मार्ग आहे. राज्यकारभार, करवसुली, जमिनीची मालकी अशा ऐहिक विषयांशी त्याला कर्तव्य नाही, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभापासून विद्वानांत रूढ आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने प्राचीन बौद्ध धम्म राजकारणविन्मुख ठरविला आणि पुढे कित्येक अभ्यासकांनी तेच गिरविले. आश्चर्य याचे की, हेच मत आज आपल्या विहारांतूनही वेगळ्या शब्दांत ऐकू येते. भूमिहीनांचा प्रश्न, किमान वेतन, रेशन, शिष्यवृत्ती हे विषय निघाले की, ‘हे राजकारण झाले, धम्माचे बोला’ असे म्हणणारे उपासक भेटतात. दारिद्र्य हे पूर्वजन्मी दान न केल्याचे फळ आहे, असा उपदेशही अधूनमधून कानांवर येतो. ही दोन मते वरवर स्वतंत्र दिसली तरी परस्परांना पूरक आहेत. दारिद्र्य जर दरिद्री माणसाच्या गतजन्मीचा हिशेब असेल, तर राज्यसंस्थेकडे मागण्याजोगे काही उरतच नाही.

पालि तिपिटकाची साक्ष काय आहे हे प्रथम पाहू आणि मग ही मागणी इतिहासात कोणी, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत केली याचा मागोवा घेऊ.

दीघनिकायातील २६ वे सुत्त ‘चक्कवत्ति-सीहनाद’ हे मगधातील मातुला या गावी उपदेशिलेले आहे. दळ्हनेमी नावाच्या चक्रवर्ती राजाच्या वंशात राज्य कसे चालावे याचा एक दंडक होता. त्याला सुत्तात ‘चक्कवत्तिवत्त’ म्हटले आहे. राजर्षी झालेला पिता गादीवरील पुत्राला तो सांगतो. आप्त, सैन्य, क्षत्रिय, ब्राह्मण-गृहपती, नगरवासी, ग्रामवासी, श्रमण-ब्राह्मण, एवढेच नव्हे तर पशुपक्षी यांचेही धर्माने रक्षण कर; राज्यात अधर्म माजू देऊ नकोस; आणि राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन पुरव. याच दंडकात आणखी एक कलम आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. अप्रमत्त असे जे श्रमण-ब्राह्मण राज्यात असतील त्यांच्याकडे राजाने वेळोवेळी जाऊन चांगले काय, वाईट काय, काय करावे, काय टाळावे हे विचारावे, असे त्यात सांगितले आहे. राजाला धोरण सांगणे हा श्रमणाचा अधिक्षेप नसून ते ऐकणे हा राजाच्या कर्तव्याचा भाग आहे, असे सुत्तकार मानतो. वेबरच्या मताला सुत्तातल्या सुत्तातच उत्तर मिळते.

पुढे एक राजा गादीवर येतो आणि राजर्षीला न विचारता आपल्या मतानेच राज्य करू लागतो. प्रजेची पूर्वीसारखी भरभराट होत नाही असे पाहून अमात्य त्याला दंडक सांगतात. राजा ऐकतो, पण अर्धेच. तो रक्षणाची व्यवस्था करतो. निर्धनांना धन पुरवीत नाही. सुत्ताच्या दृष्टीने सगळ्या ऱ्हासाचे मूळ येथे आहे. हा राजा क्रूर नाही, व्यसनी नाही, अधर्मीही नाही. कायदा आणि सुव्यवस्था राखणारा, रोजच्या व्यवहारात आपण ज्याला सुशासन म्हणतो तसे करणारा हा राजा आहे. त्याने केवळ एक गोष्ट केली नाही, आणि त्यामुळे दारिद्र्य वाढले.

दारिद्र्य वाढल्यावर एक माणूस चोरी करतो. त्याला राजापुढे उभे केले जाते. राजा विचारतो, ‘हे खरे का?’ तो म्हणतो, खरे आहे. का केलेस? महाराज, जगणे होत नाही म्हणून. राजा त्याला धन देतो : यावर तू जग, आईबापांना पोस, बायकामुलांना पोस, कामधंदा चालव. दुसऱ्या चोराच्या बाबतीतही असेच घडते. मग ही वार्ता लोकांत पसरते आणि चोरी केली म्हणजे धन मिळते असे समजून लोक चोऱ्या करू लागतात. राजाला चूक उमगते, पण तो भलत्याच टोकाला जातो. पुढच्या चोराला मुसक्या बांधून, डोके भादरून, कर्कश नगारा वाजवीत गल्लोगल्ली फिरविले जाते आणि दक्षिण दरवाजाबाहेर त्याचा शिरच्छेद होतो. लोकही यावरून धडा घेतात, पण निराळा. ते धारदार शस्त्रे तयार करतात आणि ज्यांना लुटतील त्यांची डोकी उडवू लागतात. पुढच्या पिढीतील चोराला राजा तोच प्रश्न विचारतो, ‘हे खरे का?’ तो उत्तरतो, ‘नाही महाराज.’ जगात असत्य आले ते या क्षणी.

या क्रमाकडे बारकाईने पाहावे. धन न पुरविल्याने दारिद्र्य, दारिद्र्यामुळे चोरी, चोरीला शिक्षा म्हणून वध, वधाच्या अनुकरणाने शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, आणि शिक्षेच्या भयातून असत्य. पंचशीलातील तीन शिक्षापदांचा भंग कसा सुरू झाला हे येथे सांगितले आहे, आणि त्या भंगाचा आरंभ चोरापासून न करता राजाच्या न केलेल्या कामापासून केला आहे. पहिल्या दोन चोरांना राजाने दिलेल्या धनाविषयी सुत्तकाराची नापसंती स्पष्ट आहे. धन देणे गैर नव्हते; ते चोरी होईपर्यंत थांबून, पकडलेल्या एकट्यादुकट्याला देणे गैर होते. आंदोलन पेटल्यावर पॅकेज जाहीर करणाऱ्या शासनाची आठवण कोणाला झाली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

याच सुत्ताच्या उत्तरार्धात माणसाचे आयुष्य दहा वर्षांपर्यंत घटते, सात दिवस माणसे एकमेकांना श्वापदे समजून मारीत सुटतात, आणि रानात, दऱ्याखोऱ्यांत लपून वाचलेली मूठभर माणसे बाहेर येऊन एकमेकांना मिठ्या मारतात. तेथून पुढचा उत्कर्ष माणसांनी स्वतः शील पाळण्यातून होतो. धम्म म्हणजे केवळ वैयक्तिक शील, असे मानणारे या भागावर बोट ठेवतात. त्यांचे म्हणणे पूर्णतः चुकीचे नाही. तथापि ही उभारणी सर्वनाशानंतरची आहे. राज्यसंस्था शाबूत असताना काय करावे, हे सुत्ताच्या पूर्वार्धातच सांगून झालेले आहे.

आता शब्दाकडे वळू. ‘निर्धनांना धन दे’ असा अनुवाद केला की, मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दानधर्म उभा राहतो. मुळात ‘दान’ हा शब्द येथे नाही. क्रियापद आहे ‘अनुप्पदेति’, त्याचे नाम ‘अनुप्पदान’. हा शब्द दीघनिकायात आणखी कोठे येतो हे पाहिले की त्याचा गाभा स्पष्ट होतो. सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांविषयीची पाच कर्तव्ये आहेत : शक्तीनुसार काम नेमणे, अन्न व वेतन पुरविणे, आजारपणी शुश्रूषा करणे, विशेष पक्वान्नांत वाटा देणे आणि वेळेवर सुटी देणे. यातील दुसऱ्या कर्तव्याचे नाव ‘भत्तवेतनानुप्पदान’ असे आहे. पतीने पत्नीला अलंकार देणे, गृहस्थाने श्रमणांच्या भौतिक गरजा भागविणे, यांसाठीही तेथे हाच शब्द आहे. ही सर्व परस्परकर्तव्यांची यादी आहे. एकाचे कर्तव्य ते दुसऱ्याचे येणे. वेतन देणारा मालक दानशूर ठरत नाही, देणे लागत होता ते देतो. चक्कवत्तिवत्तातील धनानुप्पदान याच पंक्तीत बसते. राजा निर्धनाला जे पुरवितो ते भीक नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखकाला ‘पुरविणे’ हाच प्रतिशब्द योग्य वाटतो.

कोणते धन पुरवावे, याचा तपशील कूटदंत सुत्तात (दीघनिकाय ५) येतो. खाणुमत हे गाव बिंबिसाराने कूटदंत ब्राह्मणाला ब्रह्मदेय म्हणून दिलेले होते. त्याने महायज्ञ आरंभिला होता : ७०० बैल, ७०० गोऱ्हे, ७०० कालवडी, ७०० बोकड आणि ७०० मेंढे यूपांपाशी आणून ठेवले होते. यज्ञ कसा करावा हे विचारण्यास तो भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला महाविजित राजाची आणि त्याच्या पुरोहिताची कथा सांगतात. राज्यात लूटमार माजली असताना राजा यज्ञ करू इच्छितो. पुरोहित त्याला दोन गोष्टी सांगतो. अशा काळात नवा कर बसविणे अयोग्य आहे, आणि वध, बंधन, दंड, हद्दपारी यांनी ही लूटमार समूळ मिटणार नाही, कारण मारून उरलेले पुन्हा त्रास देतील. उपाय एकच. जे शेती व गोरक्षण करण्यास उत्सुक आहेत त्यांना ‘बीजभत्त’ म्हणजे बियाणे आणि पोटापुरते अन्न, जे व्यापारास उत्सुक आहेत त्यांना ‘पाभत’ म्हणजे भांडवल, जे राजसेवेस उत्सुक आहेत त्यांना ‘भत्तवेतन’ पुरवावे. मग लोक आपापल्या कामात गुंततील, राजाच्या कोठारात रास पडेल आणि माणसे मुलांना मांडीवर नाचवीत, घराचे दरवाजे उघडे टाकून राहतील.

येथे ‘उस्सहन्ति’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ज्याला ज्या कामाचा उत्साह आहे, जो ते करू पाहतो, त्याला साधन मिळावे. जन्माने कोण कोणत्या कामाचा, हा प्रश्नच पुरोहित उपस्थित करीत नाही. याच्या शेजारी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील १२९ वा श्लोक ठेवावा. शूद्र समर्थ असला तरी त्याने धनसंचय करू नये, असे तेथे सांगितले आहे. एका परंपरेत निर्धनाला भांडवल पुरविणे हे राजाचे कर्तव्य आहे आणि दुसरीत समर्थालाही निर्धन ठेवणे हा धर्म आहे. धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी प्राचीन भारताच्या इतिहासलेखनात या सुत्तांतील अर्थविचाराकडे आवर्जून लक्ष वेधले होते. तो आपल्या विहारांतील नित्य पठणात मात्र क्वचितच येतो.

कूटदंत सुत्ताची मर्यादाही नोंदविली पाहिजे. महाविजिताच्या यज्ञात दास व कामकरी दंडाच्या भयाने रडत काम करीत नाहीत, ज्यांची इच्छा असेल ते करतात, नसेल ते करीत नाहीत; तरी दास दासच राहतात. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ज्याला बीज द्यायचे त्याच्यापाशी शेत आहे, असे पुरोहित गृहीत धरतो. ज्याला शेतच नाही त्याचे काय? गंगेच्या खोऱ्यात तेव्हा पडीक रान विपुल असल्याने हा प्रश्न कदाचित तीव्र नसेल. महाराष्ट्रात तो अडीच हजार वर्षांनी अत्यंत तीव्रपणे उभा राहिला. त्याकडे पुढे येऊ.

अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील इणसुत्ताचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. दारिद्र्य हे गृहस्थासाठी दुःख आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. दरिद्री कर्ज काढतो, कर्जावर व्याज चढते, व्याज थकले की तगादा लागतो, तगाद्याला दाद दिली नाही की सावकार पाठीस लागतो आणि शेवटी बंधनात टाकतो. विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही शेतमजुराला या साखळीचे भाष्य करून सांगावे लागणार नाही. धम्मपद-अट्ठकथेतील आळवीचा शेतकरी तर प्रसिद्धच आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी आलेल्या त्या माणसाला भगवंतांनी आधी जेवू घालण्यास सांगितले आणि मग धम्म सांगितला.

कर्माच्या प्रश्नाला बगल देता येणार नाही. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्तात (१३५) शुभ माणवाला सांगितले आहे की, जो दान देत नाही तो पुढे अल्पभोगी, म्हणजे दरिद्री होतो. हे वचन तिपिटकात आहे. ते नाही असे म्हणणे विद्वत्तेला शोभणारे नाही. परंतु त्याच तिपिटकात अंगुत्तराच्या तिकनिपातात, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृतामुळेच, या मताला भगवंतांनी मिथ्या ठरविले आहे, कारण मग काय करावे आणि काय करू नये याला अर्थच उरत नाही. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात पित्त, कफ, वात, ऋतू अशी वेदनेची अनेक कारणे मोजली आहेत. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. चूळकम्मविभंग सुत्त दात्याला दानाकडे वळवू पाहते. ते दरिद्र्याच्या कपाळी मारण्याचे निदान म्हणून वापरणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या ठिकाणी नेमके बोट ठेवले. पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग काय, असा प्रश्न करून त्यांनी म्हटले आहे की, दीनदुबळ्यांच्या स्थितीच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला सुटका मिळावी, याखेरीज दुसरा हेतू संभवत नाही. चक्कवत्ति-सीहनाद सुत्त वाचलेल्या माणसाला हे विधान परके वाटत नाही.

सुत्तांतील ही मागणी प्रत्यक्ष राजांपर्यंत पोहोचली काय? अशोकाने लुंबिनीला, राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी, बली माफ करून धान्याचा राजभाग एक-अष्टमांशावर आणला, ही गोष्ट तेथील स्तंभावर कोरलेली आहे. शास्त्रग्रंथांत सर्वसाधारण प्रमाण एक-षष्ठांशाचे असते. पण ही सवलत एका गावापुरती आणि श्रद्धेपोटी दिलेली होती. तिला धोरण म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाचव्या शिलालेखातील धम्ममहामात्र अधिक अर्थपूर्ण आहेत. सेवक, अनाथ, वृद्ध यांच्या हितसुखासाठी आणि लेकुरवाळ्या किंवा वृद्ध बंदिवानांच्या सुटकेसाठी त्यांची नेमणूक होती. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. धम्मयात्रेत वृद्धांना सुवर्ण देण्याचा उल्लेख असलेला लेख तो हाच.

नागार्जुनाच्या ‘रत्नावली’चा एक भाग राजनीतीविषयीच आहे. परंपरेने ती सातवाहन राजाला उद्देशून लिहिलेली मानली जाते. आंधळे, रोगी, अनाथ, दरिद्री यांना अन्नपाणी, संकटात सापडलेल्या शेतकऱ्यांना बियाणे व निर्वाहाचे साधन, जड करांत सूट, बंदिवानांना न्हावी, स्नान, अन्न व औषध अशी तिची कलमे आहेत. बियाण्याचा उल्लेख वाचताना कूटदंत सुत्ताची आठवण येते. भिक्षूने राजाला थेट उद्देशून अर्थसंकल्पाच्या जवळपास जाणारा उपदेश करावा, याचे हे भारतीय वाङ्मयातील ठळक उदाहरण होय.

सातवाहनांनी ते कितपत ऐकले? नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो बौद्ध संघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी धर्माने कर घेणारा होता अशी प्रशंसा आहे, आणि त्याच लेखात त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला म्हणूनही त्याची प्रशंसा आहे. दहाव्या लेण्यात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवल्याचा लेख आहे. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण टक्का व्याज. त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागे. दान अफाट होते. पण ते संघाकडे वाहत होते; निर्धनाच्या घरी बीज आणि भांडवल पोहोचविण्याची व्यवस्था त्या भिंतींवर मला कोठे आढळत नाही. संघाला दान आणि वर्णव्यवस्थेला संरक्षण, ही दोन्ही एकाच राजवंशाच्या हातून एकाच डोंगरात कोरली गेली, याचा विचार आपण लेण्यांची सहल करताना करीत नाही.

त्यानंतरच्या दीर्घ काळात या भूमीवर ही मागणी करणारा संघच राहिला नाही. ती पुन्हा उभी राहिली ती विसाव्या शतकात, आणि प्रथम धम्माच्या नावाने नव्हे. महार वतन हे त्या काळच्या दारिद्र्याचे मूर्त रूप होते : अहोरात्र सरकारी आणि गावकीची चाकरी, निश्चित वेतन नाही, बलुत्याची याचना आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारविषयक कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणले. वेतन ठरवून द्या, ही त्यातील मागणी म्हणजे भत्तवेतनानुप्पदानाचीच मागणी होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

१९४७ सालचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार झाले. त्यात शेती हा राज्याच्या मालकीचा उद्योग करावा, जमीन जातधर्म न पाहता गावातील कुटुंबांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावीत, अशी योजना आहे. कूटदंत सुत्तात न सुटलेला भूमिहीनाचा प्रश्न येथे प्रथमच थेट हाताळला गेला. हे बाबासाहेबांनी सुत्तावरून घेतले, असे म्हणण्यास आधार नाही. त्या निवेदनात पालि ग्रंथांचा हवाला नाही. अशी ओढाताण करण्याचा मोह आपल्या लेखकांना होतो, तो आवरावा. मात्र १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला, तेव्हा धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये ही त्यांची खऱ्या धर्माविषयीची एक अट होती. श्रीमंताने संपत्तीचा त्याग करणे वेगळे, दारिद्र्याला धन्य म्हणणे वेगळे, हा विवेक त्यांनी तेथे केला. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ हा विषय त्यांनी घेतला, तोही याच धाग्याने. १९४७ ची योजना आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा ही एकाच माणसाची दोन स्वतंत्र कामे नव्हेत, एवढे तरी यावरून म्हणता येते.

त्यांच्या पश्चात या दोहोंना रस्त्यावर एकत्र आणले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. रिपब्लिकन पक्षातील सुशिक्षितांच्या एका गटाला भूमीचा प्रश्न साम्यवादाकडे झुकणारा वाटत होता आणि १९५९ च्या सुमारास पक्षात त्यावरून फूटही पडली. दादासाहेब मागे हटले नाहीत. त्या साली खानदेश-नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन देण्यात आले आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तो १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. लाखो माणसे तुरुंगात गेली. स्त्रिया कडेवर मुले घेऊन गेल्या.

त्या दहा मागण्या एकत्र वाचण्यासारख्या आहेत. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे योग्य वाटप व भाववाढीवर नियंत्रण, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारणे, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी, दलितांचा छळ थांबविणे, अस्पृश्यताविषयक गुन्ह्यांच्या कायद्याखाली न्याय, नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरणे, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावणे, आणि बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती देणे. शेवटच्या मागणीची गरज का पडली? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्म सोडणारा अनुसूचित जातीत गणला जात नव्हता. म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भूमिहीन मजूर भूमिहीनच राहिला, फक्त सवलतीपुरता तो नाहीसा झाला. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या, केंद्राने केल्या नाहीत. धम्म स्वीकारल्याबद्दल दारिद्र्यात ठेवले जाणे, ही शिक्षा होती. आणि तिच्याविरुद्ध केलेली मागणी ‘राजकारणाची’ की ‘धम्माची’, हा भेद करून दाखविणे त्या काळच्या कोणाही सत्याग्रहीला जमले नसते. बीजभत्त, भत्तवेतन, धान्य, निवारा हे सर्व त्या निवेदनात आहे. ते लिहिणाऱ्यांसमोर दीघनिकाय उघडा होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या निळ्या झेंड्याखाली चालणाऱ्या बहुसंख्यांनी अक्षरओळखही केलेली नव्हती.

पुढे काय झाले ते थोडक्यात असे. तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले. त्याच वर्षी, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात, घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना सवलती मिळाल्या. दीक्षेपासून हे अंतर ३४ वर्षांचे आहे. गायरानावर कसून पोट भरणाऱ्यांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी त्यानंतरही गावोगावी मोर्चे आणि तहसिलीच्या खेपा चालू राहिल्या. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, अशी ती योजना. आरंभी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते. २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. इणसुत्ताच्या वाचकाला या दुरुस्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मात्र या योजनेत राज्य स्वतःची जमीन देत नाही. ठरविलेल्या दराने ती खासगी मालकाकडून विकत घ्यावी लागते, आणि त्या दराने चांगली जमीन विकण्यास, तीही गावच्या बौद्ध कुटुंबासाठी, मालक सहसा पुढे येत नाही. महाविजिताचा पुरोहित बियाण्यापाशी थांबला होता. १९४७ च्या निवेदनातील योजना त्याच्या पुढे गेली होती, कारण तिने जमीन कोणाच्या मालकीची असावी हाच प्रश्न आधी विचारला होता. २००४ ची योजना तो प्रश्न न विचारता बाजारात गेली.